राखलेले बोल : साहित्य म्हणजे काय?

चंद्रपूर शहराला आजही दगडी परकोट आहे. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या त्याच्या वेशी गावातल्या रोजच्या पत्त्यांमध्ये येतात. हा कोट कसा उभा राहिला, याची कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची राजधानी तेव्हा वर्धेच्या काठी बल्लारपूरला होती. राजाच्या अंगावर खांडके उठलेली. औषधपाणी करून सगळे थकले होते. एकदा शिकारीच्या नादात तो झरपट नदीपाशी आला आणि त्याला तहान लागली. पात्र कोरडे पडलेले, पण एका खळग्यात थोडे पाणी होते. तो ते प्याला, हातपाय-तोंड धुतले आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीच्या लक्षात आले, की जिथे जिथे ते पाणी लागले तिथली सूज उतरली आहे. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच रानात राजाने एक अजब पाहिले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्यामागे धावत होता. राजाने घरी येऊन हे सांगितले. राणी म्हणाली, हा शकुन आहे. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधा आणि शहर वसवा.

इंग्रजी अमदानीत मेजर लुसी स्मिथ यांनी चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल १८६९ मध्ये लिहिला, तेव्हा सारा-मोजणीच्या त्या कागदांत ही कथाही नोंदवली गेली. कुत्र्यावर उलटणारा हा ससा मात्र एकट्या चंद्रपूरचा नाही. तुंगभद्रेकाठच्या विजयनगरच्या स्थापनेची कथा सांगताना तो येतो आणि अहमदशहाने अहमदाबाद वसवल्याच्या कथेतही तो आहे. एवढ्या दूरदूरच्या नगरांनी आपल्या जन्माची एकच खूण सांगावी, यावरून कळते की कथा प्रवास करतात आणि जिथे जातात तिथल्या मातीचा रंग घेतात.

चंद्रपूरने या सशाला काय दिले? इथल्या कथेत दोनदा काही घडते, आणि दोन्ही वेळा ते राजाच्या बाबतीत घडते. त्याचा अर्थ मात्र राणीला कळतो. गुण कशाने आला हे तिने ओळखले, शकुनही तिनेच ओळखला. पुढच्या काळातल्या गोंड राणी हिराईने पतीची देखणी समाधी आणि महाकालीचे मंदिर बांधले, हे अजून अभिमानाने सांगणाऱ्या शहराने आपल्या पायाभरणीच्या कथेतही स्त्रीच्या जाणतेपणाला मानाची जागा दिली आहे. कोट कोणी, कोणत्या साली, किती खर्चात बांधला हे इतिहासकार शोधील आणि शोधायलाच हवे. कथेचा प्रश्न निराळा आहे. ही जागा आपली का, आणि इथे राहताना आपण काय मानतो, याचे उत्तर ती देते. ज्या ठिकाणी दुबळ्याने बलवानाला पळवून लावले ते ठिकाण राहण्याजोगे, एवढे मोठे विधान एका सशाच्या धावण्यात मावले आहे.

साहित्य म्हणजे काय, या प्रश्नाला हात घालण्यासाठी ही कथा पुरेशी आहे.

घडवलेले आणि राखलेले

माणूस दिवसभर बोलतो. बाजाराचा भाव, पावसाचा अंदाज, मुलांना हाका. यातले बहुतेक बोलणे काम झाले की संपते. काही थोडे बोल मात्र समाज टाकून द्यायला तयार नसतो. ते पुन्हा म्हणावेसे, ऐकावेसे वाटतात, आणि पुढच्या पिढीला दिल्याशिवाय चैन पडत नाही. असे बोल आपोआप तयार होत नाहीत. कुणीतरी त्यांना लय दिलेली असते, क्रम दिलेला असतो, कुठे थांबायचे ते ठरवलेले असते. पुन्हापुन्हा ऐकावी अशा रीतीने घडवलेली आणि समाजाने जिवापाड राखलेली भाषा म्हणजे साहित्य, अशी व्याख्या मी या प्रकरणापुरती धरून चालतो.

या व्याख्येत लिपी आलेली नाही, कागद नाही, छापखानाही नाही. लेखनकला जगात येऊन साधारण पाच हजार वर्षे झाली. माणूस बोलतो आहे त्याच्या कितीतरी पट अधिक काळापासून. वेद शेकडो वर्षे मुखोद्गत राहिले आणि लिहिले गेले ते फार उशिरा. मराठीचा आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात विदर्भातल्याच रिद्धपूरला सिद्ध केला, तो चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करून. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी टिपून घेतली म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, पण गाणी म्हणून ती आधीच पूर्ण होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. या सगळ्याला साहित्याच्या अंगणाबाहेर ठेवले, तर अंगण फारच लहान उरते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे या दृष्टीने महाराष्ट्रातले श्रीमंत जिल्हे आहेत. १९८२ मध्ये जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, बंगाली अशा भाषा इथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. इथे साहित्य गायले जाते, रात्रभर खेळले जाते आणि लिहिलेही जाते. ही तिन्ही रूपे एका काळात, काही वेळा एकाच गावात बघायला मिळतात.

लिंगोची गाथा आणि मराठी बोलणारा परधान

गोंड समाजाच्या मुळाशी पहांदी पारी कुपार लिंगोची गाथा आहे. प्रदेशाप्रमाणे तिची रूपे बदलतात, तरी कणा तोच राहतो. गोंडांचे पूर्वज गुहेत कोंडले गेले. लिंगोने आणि जंगो रायताडने त्यांना सोडवले, वाढवले, शिकवले. लिंगोने त्यांची देवांप्रमाणे विभागणी केली. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे हे गट आणि आपल्याच गटात सोयरीक करायची नाही हा नियम त्या गाथेत सांगितला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची प्रचंड गुहा ही तीच गुहा, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे भरणाऱ्या यात्रेला चंद्रपूर-गडचिरोलीतून आणि इतर अनेक राज्यांतूनही लोक येतात.

ही गाथा परधान सांगतो. परधान म्हणजे गोंडांचा कुळगायक. एकेका परधान घराण्याकडे ठरलेली गोंड कुळे असतात. ठरलेल्या काळाने तो यजमानाच्या दारी येतो, तंतुवाद्य वाजवत कुळाची वंशावळ आणि देवांच्या कथा गातो, अंत्यविधीला आणि देवकार्याला हजर राहतो. बदल्यात त्याला धान्य, कपडा, कधी जनावर मिळते. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद भागात १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तिथले परधान घरात मराठी बोलत आणि यजमानापुढे गोंडी गाथा गात. गोंडीचे महाकाव्य ज्यांनी कंठात राखले त्यांची मायबोली मराठी होती. भाषांच्या सीमा आपण नकाशावर रेघेने दाखवतो. साहित्य त्या रेघांवरून सहज ये-जा करत आले आहे.

लिंगोची गाथा प्रथम कागदावर आली ती नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. त्यांनी एका परधानाकडून ती गोंडीत लिहून घेतली, जवळपास हजार ओळी. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना भरल्या ओढ्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांनी कॅप्टन फोर्सिथ यांनी आपल्या पुस्तकात ही गाथा इंग्रजी पद्यात दिली, तेव्हा त्यांनी तिला अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’चे वृत्त चढवले. तोंडी गाथा कागदावर आली की टिकते, पण त्याच वेळी ती दुसऱ्याच्या हाती जाते आणि दुसऱ्याच्या चालीत बोलू लागते. ती पहिली प्रत आज हिस्लॉपच्या नावाने ओळखली जाते. जो परधान गायला त्याचे नाव कुणाच्या ओठी नाही.

त्या प्रतीतला एक प्रसंग साहित्याविषयी फार खोल बोलतो. लिंगोच्या भावांना शिकार भाजायला विस्तव हवा असतो. विस्तव असतो रिकाड गवडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतात. एक भाऊ तो चोरायला जातो आणि पळून येतो. मग लिंगो जातो. तो भोपळ्याचे वाद्य तयार करतो, तारा लावतो, झाडावर चढून वाजवू लागतो. म्हातारा ऐकतो आणि नाचू लागतो, त्याची बायकोही नाचू लागते. ज्याची भीती होती त्याच्याशी नाते जुळते. ग्रीकांच्या पुराणात प्रोमिथियस देवांकडून अग्नी चोरतो आणि त्याची भयंकर शिक्षा भोगतो. गोंडांचा लिंगो सुरांनी माणसे जिंकतो. अग्नी कसा मिळाला या एकाच प्रश्नाला दोन संस्कृतींनी दिलेली ही उत्तरे शेजारी ठेवली, की कथा ही विचार करण्याचीच एक रीत आहे हे पटते.

आठवण ही मोठी कारागिरी आहे

न लिहिता हजारो ओळी लक्षात कशा राहतात? १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांच्या वीरगाथा ध्वनिमुद्रित केल्या. अवदो मेजेदोविच या गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींची एकच गाथा गायली. त्यांच्या ध्यानात आले, की गायक शब्दन्‌शब्द पाठ करत नाही. त्याच्याकडे वृत्तात बसणारे तयार पदबंध असतात, ठरलेले प्रसंग असतात आणि ते जोडत तो दर वेळी गाथा नव्याने उभी करतो. होमरची महाकाव्ये अशाच परंपरेतून आली, हा त्यांचा निष्कर्ष १९६० मध्ये लॉर्ड यांच्या पुस्तकातून जगापुढे आला.

हे कळल्यावर आपल्या परधानाकडे पाहण्याची नजर बदलायला हवी. श्रोते कोणत्या कुळाचे, प्रसंग लग्नाचा की मरणाचा, रात्र किती उरली, हे पाहून तो कथेचा एखादा भाग फुलवतो, एखादा आटोपता घेतो. पुनरुक्ती हा त्याचा दोष नसतो. ती गायकाला श्वास घेऊ देते आणि ऐकणाऱ्याला कथेत सामील करून घेते. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गावांत गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, तरुण-तरुणी हातात हात गुंफून रेला हे नाचाचे समूहगीत गातात, तेव्हा पुन्हापुन्हा येणाऱ्या रेलाच्या बोलांवर सगळे पाऊल टाकतात आणि तेवढ्यात पुढची ओळ जुळते. रचना इथे एकट्याची नसते. एकाने ओळ टाकावी, दुसऱ्या रांगेने उचलावी, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यावे. कवी आणि वाचक अशी आपण छापील पुस्तकामुळे मानलेली फारकत या वर्तुळात उरत नाही.

दुर्गाबाई भागवत मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडल्या. तिथे झालेल्या विषबाधेने त्यांना कित्येक वर्षे अंथरुणाला खिळवले, तरी लोकसाहित्याचा ध्यास सुटला नाही. लोकसाहित्य हे शिष्ट साहित्याचे कच्चे रूप नाही, त्याला स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचे सौंदर्य आहे, ही जाण मराठीत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

झाडीपट्टीची रात्र

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथल्या झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्या शब्दांचा आणि लोककलांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. दिवाळी झाली, धान घरात यायला लागले, की गावोगाव मंडईची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती रंगतात आणि रात्री नाटक होते. आधी दंडार होती, खडी गंमत होती, हे इथले जुने लोकनाट्यप्रकार. त्यांच्या खांद्यावर झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. हंगामात नाटक मंडळांच्या गाड्या इथून निघतात आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग तांबडे फुटेपर्यंत चालतो. प्रेक्षक तिकीट काढून येतात, थंडीत पांघरुणे घेऊन बसतात. कुरखेडा तालुक्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाकीच्या महाराष्ट्राचे लक्ष गेले.

लेखकाने लिहिलेली संहिता, तालमीत घडलेले संवाद, जिवंत संगीत आणि हजारोंचा समुदाय यांची इथे गाठ पडते. दारूपायी उद्ध्वस्त झालेले घर, हुंडा, भावांची वाटणी, कर्जात बुडालेला शेतकरी हे विषय रंगमंचावर येतात, तेव्हा समोर बसलेल्या कुणाच्या तरी घरात तेच चाललेले असते. घरात ज्यावर बोलता येत नाही, ते नाटकात ऐकता येते. नायिकेवर अन्याय होताना सासू आणि सून एकाच चटईवर बसून रडतात. दुसऱ्याचे आयुष्य थोडा वेळ आतून जगायला मिळणे ही साहित्याची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ती घ्यायला इथे अक्षरओळखीची अट नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे नेमके ओळखले होते. चिमूरच्या परिसरातल्या जंगलात त्यांनी साधना केली, खंजिरीवर भजने गात गावे जागी केली आणि १९५५ मध्ये एकेचाळीस अध्यायांची ‘ग्रामगीता’ दिली. गावाची स्वच्छता, श्रमदान, शिक्षण, स्त्रियांचा मान हे विषय त्यांनी ओवीत मांडले, कारण ओवी म्हणता येते, चारचौघांत वाचता येते आणि शेतात जाताना ओठांवर राहते.

आपल्या हाताने लिहिणे

१९७९ हे साल चंद्रपूर जिल्ह्याच्या साहित्यजीवनात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी चंद्रपुरात वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी जवळच्या भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले. एका जिल्ह्यातली ही दोन संमेलने मिळून एक प्रश्न उभा करतात. आदिवासींविषयी पुष्कळ लिहिले जाते. आदिवासी स्वतः लिहितात तेव्हा काय बदलते?

उत्तर त्या पिढीच्या पुस्तकांत आहे. चंद्रपूरच्या विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा संग्रह, उषाकिरण आत्राम यांची मराठी आणि गोंडीतली कविता, यवतमाळच्या भुजंग मेश्रामांचा ‘उलगुलान’, व्यंकटेश आत्रामांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’. या लेखकांच्या हाती आल्यावर जंगल पार्श्वभूमी म्हणून येत नाही. ते हक्काचे घर म्हणून येते, आणि घर हिरावले जाण्याचा संताप त्या मराठीला पूर्वी नसलेली धार देतो. रिझर्व्ह बँकेत नोकरी सांभाळून मोतीरावण कंगाली यांनी गोंडीचे व्याकरण, कोश आणि पारी कुपार लिंगोवरचा ग्रंथ सिद्ध केला. परधानाच्या कंठातली गाथा आता गोंड अभ्यासकाच्या लेखणीतून, त्याच्या स्वतःच्या अर्थासह वाचता येऊ लागली.

गोंडीला लिपी नाही हे वाक्यही आता सोडून द्यावे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात निराळ्याच गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. या दोन्ही लिप्यांना २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या सुमारे तीस लाख आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी अजून नाही.

ऐकणारा हवा

आता साहित्याचे संस्कृतीतले स्थान थोडक्यात मांडता येईल. लिंगोची गाथा नाती ठरवते आणि सोयरिकीचा कायदा सांगते. खांडक्या बल्लाळशहाची कथा दगडी भिंतीला अर्थ देते. रेला तरुणांना एकमेकांशी बोलायची भाषा देतो. झाडीपट्टीचे नाटक गावाला स्वतःकडे पाहायला लावते. तुमराम-आत्रामांची कविता अन्यायाला नाव देते. शेती, औषध, शस्त्र ही साधने माणसाला जगवतात. आपण कोण आणि कसे जगावे, हे त्याला साहित्य सांगते. म्हणूनच साहित्य नसलेला मानवसमाज कुठे आढळलेला नाही.

पण राखलेला बोल आपोआप राहत नाही. ध्वनिमुद्रण करावे, कोश करावेत, छापावे. हे सगळे हवेच. तरीही परधानाची गाथा टिकली ती ठरलेल्या दिवशी यजमान त्याची वाट पाहत होता म्हणून. वडशाचे नाटक तिकीट काढणाऱ्या शेतमजुरामुळे उभे आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा तिने गोंडी साहित्यासाठी सर्वांत गरजेचे काम केले: पुढची ऐकणारी पिढी तयार करायला घेतली.

गडचिरोलीला २०११ पासून स्वतःचे गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत शेकडो शाळा आहेत. साहित्याच्या तासाला धड्याच्या पुस्तकाबरोबर गावातल्या परधानाला, दंडार बांधणाऱ्या म्हाताऱ्याला, रेला जाणणाऱ्या आजीला शिक्षक म्हणून बोलवावे, त्यांना मानधन द्यावे आणि मुलांनी ऐकलेले आपल्या भाषेत लिहून काढावे. त्या वहीवर सांगणाऱ्याचे नाव सर्वांत वर लिहावे. हिस्लॉपच्या काळात जे राहून गेले, ते करायला आज कुठलीच अडचण नाही.